व्याह्यांचा काळा चाकू

चष्मेवाल्यांच्या दुकानात एकदा एक गिऱ्हाईक तावातावानं शिरलं आणि काउंटरवर चष्म्याची डबी ठेवून म्हणालं, "यातून काही दिसत नाही." चष्मेवाल्यांनी डबी उघडली. आत वाचायचा चष्मा नव्हता. आत मखमलीवर, दुपट्यात बाळ ठेवावं तसा, शिंगाच्या मुठीचा एक फ्रेंच चाकू झोपला होता. एखाद्यानं गिऱ्हाइकाची माफी मागितली असती. चष्मेवाल्यांनी चाकू आधी उजेडात धरला.

"उघडला नाहीत ना?"

"उघडला की. चष्मा नाही तर नाही, निदान सफरचंद तरी कापावं म्हटलं."

त्या दिवशी चष्मेवाल्यांनी दुकान लवकर बंद केलं.

तर असा हा माणूस. डोळे तपासायचे दुसऱ्यांचे आणि स्वतःचे लावायचे ते चाकूंवर. तेही साधेसुधे नाहीत बरं का. फ्रान्समधल्या कुठल्या कुठल्या गावांत कारागीर एकेक करून हातानं घडवतात ते, घडीचे, खिशात मावणारे. कलम करायचा चाकू, त्याला साल उचलायला मागं हाडाची चपटी जीभ. दोर कापायचा खलाशांचा चाकू. शिंपले उघडायचा चाकू. रानातली अळंबी खुडायचा चाकू, त्याच्या शेपटीला माती झटकायला ब्रश. आता यांच्या घरात झाड म्हणाल तर एका कुंडीत कोरफड, तिला कुठलं आलंय कलम. समुद्र त्यांनी पाहिला होता, पण चपला हातात घेऊन, लांबून. आणि अळंबीचं नुसतं नाव काढलं तरी यांचं पोट बिघडायचं.

"मग हा ब्रशवाला कशाला घेतलात?" सिस्टरांनी एकदा विचारलं.

"अगं, तो वापरायला नाही."

"दाढीला होईल."

यावर चष्मेवाल्यांनी ब्रशवाला उचलून कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवला.

सिस्टर म्हणजे त्यांची बायको. उभी हयात ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, सर्जननं हात पुढं केला की त्यावर नेमकं हत्यार ठेवायचं. हत्यारं घासायची, धुवायची, वाफेच्या पेटीत घालायची, लखलखीत करून मांडायची. नोकरीतून त्या निवृत्त झाल्या, हात काही निवृत्त झाले नाहीत. घरात काळं काही दिसलं की ते शिवशिवायचे. कढईच्या बुडाला काळं नाही, नळाच्या मुळाशी हिरवं नाही, नवऱ्याच्या कॉलरला पिवळं नाही. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची, आणि गल्लीतल्या बायका त्यांच्याकडं चहाला यायच्या त्या चपला घासून.

संसार असा होता दोघांचा. नवऱ्याकडं कपाटभर धार आणि कापायला बंदी. बायकोकडं कापायला ढीगभर आणि स्वयंपाकघरात एकच सुरी, तीही बोथट. टोमॅटो त्या सुरीखाली कापला जात नसे, शरण येत असे.

"घरात एवढी हत्यारं असताना मी टोमॅटो चेंगरतेय," सिस्टर म्हणायच्या.

"अगं, आम्ल असतं त्यात. पात्याला डाग पडतो."

"पडू दे. माझ्या हातांना पडतातच."

"हातांचे जातात."

सुट्टीच्या दिवशी सकाळी चष्मेवाले सगळ्या डब्या टेबलावर मांडून बसायचे. हो, डब्या चष्म्यांच्याच. धंद्याचा तेवढा फायदा. भिंगं पुसायच्या मऊ फडक्यानं एकेक मूठ पुसायचे, पातं उघडायचे, उजेडात धरायचे, आणि मिटताना खटकन न सोडता बोटानं अडवून हलकेच उतरवायचे. दार आपटणारा माणूस, पण चाकू मिटताना असा, की झोपलेल्या पोराला पांघरूण घालतोय. काही चाकूंच्या पाठीवरच्या स्प्रिंगवर एक छोटी मधमाशी कोरलेली असते, ती हे भिंगातून बघत बसायचे. सिस्टर येता-जाता म्हणायच्या, "माशी बसलीये, हाकला."

लेकीचं लग्न झालं ते दाताच्या डॉक्टरांच्या घरात. व्याही म्हटलं की थोडी कुरबूर आलीच, पण इथं ती लग्नाच्या दिवशीच पेटली. फोटोच्या वेळी दातवाल्यांनी चष्मेवाल्यांना मागच्या रांगेत ढकललं, का तर उंच आहात. त्या फोटोत चष्मेवाल्यांचे डोळे मिटलेले आले. मागच्या रांगेपेक्षा हेच त्यांना जास्त झोंबलं, जन्मभर लोकांचे डोळे उघडायचा धंदा केलेला. मग काय, दोन्ही घरं कितीतरी दिवस "तब्येत बरी ना" आणि "बरी, तुमची" याच्या पुढं गेलीच नाहीत. लेक मध्ये अवघडून बसलेली. सासरे तिला "सूनबाई" म्हणायचे, आणि ते अशा आवाजात, की पेशंटला "तोंड उघडा" म्हणावं.

पुढं दातवाल्यांचा नंबर वाढला आणि नाइलाजानं ते व्याह्यांच्या दुकानात आले. चष्मेवाले आत भिंग शोधत होते, तेवढ्यात यांनी काउंटरवरची एक डबी सहज उघडली, आणि जे स्टुलावर बसले ते दिवे लागेपर्यंत उठले नाहीत. तेही त्याच रोगाचे निघाले. त्यांच्याकडंही कपाट होतं. त्यांच्याकडंही बायकोला हात लावायची बंदी होती. त्या संध्याकाळपासून व्याही-व्याही गळ्यात गळे. लेक फोनवर म्हणाली, "आई, इकडं सासऱ्यांचा आवाजच बदललाय. मला 'अगं' म्हणायला लागलेत."

सिस्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदा चाकूंच्या कपाटाकडं जरा बऱ्या नजरेनं पाहिलं. कापत नाहीत ते नाहीत, निदान शिवतात तरी.

मग लेकीला दिवस गेले. दातवाल्यांनी घराचा वरचा मजला रंगवायला काढला, लेक-जावई भाड्याच्या घरातून तिथं राहायला यायचे होते. म्हणजे आता रोजचं जेवण त्या टेबलाशी, बाळाचं रडणं त्या माणसाच्या डोक्यावर. सासऱ्यांचा आवाज कुठल्या पट्टीत लागतो याला आता फार महत्त्व आलं होतं. रंगारी घरभर शिड्या घेऊन हिंडायला लागले तशी दातवाल्यांना कपाटाची काळजी लागली, आणि आपला सगळ्यात लाडका चाकू रुमालात गुंडाळून ते व्याह्यांकडं आले.

"व्याहीबुवा, मुलाला मी गाडी दिली, हा नाही दिला," असं म्हणून त्यांनी रुमाल सोडला आणि चाकू उघडला.

पातं काळं होतं. नुसतं काळं नाही. कुठं करडं, कुठं निळं, टोकाशी तपकिरी. सिस्टरांचे हात मांडीवर होते, ते त्यांनी एकमेकांत घट्ट धरले.

"मेंढपाळाचा आहे," दातवाले हळू आवाजात म्हणाले. "तिकडच्या डोंगरातला. जन्मभर खिशात बाळगला त्यानं. याच्यानंच पाव कापायचा, याच्यानंच चीज, याच्यानंच मेंढीच्या खुरातला खडा काढायचा. साधं पोलाद आहे, स्टेनलेस नाही, म्हणून खाल्लेलं सगळं अंगावर उमटतं. हा जो रंग चढलाय ना, पॅटिना, हा विकत मिळत नाही. तो जगावा लागतो."

"खुरातला खडा काढून त्याच्यानंच पाव?" सिस्टर म्हणाल्या.

"विहीणबाई, तेव्हाची माणसं धट्टीकट्टी होती."

"कशानं गेला तो?"

चष्मेवाल्यांनी बायकोकडं असं पाहिलं, की सिस्टर चहा टाकायला उठल्या.

जाताना दातवाले दारात हसून म्हणाले, "आमची वस्तू तुमच्याकडं, तुमची आमच्याकडं. फिटंफाट." तुमची म्हणजे लेक. थट्टेनंच म्हणाले ते, पण सिस्टरांच्या मनात ते वाक्य मोडलेल्या काट्यासारखं राहिलं.

आणि त्या काट्यापायीच सगळं झालं. चष्मेवाले दुकानात गेले, सिस्टर फडकं घेऊन कपाटाशी गेल्या, तर नव्या डबीत तो काळा चाकू. त्यांच्या मनात आलं, लेकीच्या सासरची वस्तू आहे. शेजारणीचं भांडं आपल्याकडं आलं तर आपण ते तसंच, खरकटं परत देतो का. घासून-पुसून देतो. व्याह्यांनी बघून म्हणावं, काय घर आहे, अशा घरातली मुलगी आपण आणली. शिवाय ती खुरातली गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना.

आधी त्यांनी कोमट पाणी आणि साबण घेतला. काळं हललं नाही. मग ब्रश घेतला. मग पावडर. मग मात्र त्या हट्टाला पेटल्या आणि तारेची घासणी काढली. ऑपरेशनच्या टेबलावरचं वाळलेलं रक्त ज्यांच्यापुढं टिकलं नव्हतं, त्यांच्यापुढं चीजची काय कथा. मूठ लाकडाची म्हणून उकळायचं मात्र त्यांनी टाळलं. तेवढी समज आहे मला, असं स्वतःशी म्हणाल्यासुद्धा. शेवटी पातं कोरडं केलं, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवला, आणि खिडकीशी धरलं तर त्यात त्यांना स्वतःचे डोळे दिसले.

संध्याकाळी चष्मेवाले आले. सिस्टरांनी चाकू उघडून पुढं केला, सर्जनला द्यायच्या तसा, मूठ त्याच्याकडं.

"बघा."

चष्मेवाल्यांनी पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वा," ते म्हणाले. "हा कुठून आणलास?"

"आणते कुठून. व्याह्यांचा."

चष्मेवाले खाली बसले. तिथं खुर्ची नव्हती, पण बसले.

"काय लावलंस?"

"आधी साबण."

"मग?"

"मग पावडर. मग तारेचं. किती काळं निघालं म्हणून सांगू, सगळं बेसिन—"

"मेंढपाळ होता तो," चष्मेवाले जमिनीवरून म्हणाले. "बेसिनमधून गेला ना, तो मेंढपाळ होता."

सिस्टरांना तेव्हा कळलं. चुकले म्हणायची त्यांना सवय नव्हती; थिएटरमध्ये कोणी चुकलं तर आधी पुढचं हत्यार द्यायचं, रडणं मग. त्यांनी नवऱ्याला हाताला धरून उठवलं आणि खुर्चीवर बसवलं.

"सरळ सांगून टाकू त्यांना."

"सांगायचं? फोटोत मागं उभं केलं म्हणून मी किती दिवस बोललो नाही, आठवतंय ना? ही तर त्याच्या काळजाची वस्तू. आपली पोर त्याच घरात राहायला चाललीय."

तेवढ्यात फोन वाजला. नाव काढावं आणि हजर व्हावं तसा, फोन लेकीचाच. "आई, रंगारी आटपलेत. येत्या शनिवारी आम्ही सगळे तुमच्याकडं जेवायला येतोय, सासरे चाकू घेऊन जातील. आणि ऐक ना, आपल्या बाबांना तो चाकू दिल्यापासून ते जेवताना सगळ्यांना सांगतात, माणसं पारखावी तर मी. आमच्या खोलीला मला हवा तोच रंग लावलाय त्यांनी."

"छान झालं," सिस्टर म्हणाल्या. "पाय वर करून झोप." आणि फोन ठेवला. गरोदर पोरीला असलं काही सांगतात का.

मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "ते काळं कशानं येतं?"

"खाण्यानं. आम्लानं, मीठ, चरबी, सगळ्यानं."

"मग व्हिनेगर आहे की बाटलीभर."

"व्हिनेगर म्हणजे लबाडी," चष्मेवाले दुखावून म्हणाले. "त्याचा काळा सपाट येतो, शाळेच्या फळ्यासारखा. व्याही झोपेतसुद्धा ओळखतील. हा खराच व्हायला हवा."

"म्हणजे खोटा, पण खरा."

"हो."

आता गंमत बघा. ज्या माणसानं जन्मात चाकूला सफरचंद लावू दिलं नाही, त्याला दिवसभर कापायची पाळी आली. पहिलं सफरचंद हातात धरून चष्मेवाले असे बसले, की आत्ता ते ओरडेल.

"दाबा," सिस्टर म्हणाल्या. "पेशंट नाहीये तो."

त्यांनी दाबलं. सफरचंद दुभंगलं ते आवाजसुद्धा न करता. चष्मेवाल्यांनी फोडीकडं पाहिलं, मग चाकूकडं, आणि दुसरं सफरचंद मागितलं.

सकाळी सफरचंद, दुपारी कांदा आणि लिंबू, संध्याकाळी गरम बटाटे, मधल्या वेळी पाव आणि चीज. चाकू धुवायचा नाही, नुसता पुसायचा. हा नियम पाळताना सिस्टरांना रोज पाठ फिरवून उभं राहावं लागे. आल्या दिवशीच चष्मेवाल्यांनी चाकूचे भिंगातून फोटो काढले होते. ते समोर ठेवून, इथं लिंबू, तिथं कांदा, असं चष्म्याचे स्क्रू बसवायच्या नजरेनं चाललं होतं. दुकानातही चाकू बरोबर गेला. येईल त्या गिऱ्हाइकाला फळ कापून. डोळ्यांत थेंब घालायला चष्मेवाले जवळ गेले की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना आधीच धार लागायची, हाताला कांद्याचा वास तेवढा.

एक दिवस भर दुपारी त्यांचा दुकानातून फोन. सिस्टरांना वाटलं, छातीत दुखतंय.

"निळा आला," चष्मेवाले म्हणाले.

"काय आलं?"

"निळा. सकाळचं गरम मटण कापलं ना, त्याचा. मधोमध. अगं, मोराच्या मानेसारखा."

लेक झाली तेव्हा या माणसानं फक्त "वजन किती" विचारलं होतं.

घराला कांद्याचा वास मुरला आणि दोघांची तोंडं लिंबानं आंबली, पण एक खरं, संध्याकाळी दोघं टेबलाशी समोरासमोर बसायला लागली. चष्मेवाले कापायचे, सिस्टर खायच्या. एकदा त्यांनी टोमॅटोची चकती अशी काढली, की तिच्यातून पेपर वाचता यावा.

"हातात काय बसतो गं हा," ते म्हणाले. "पकडायचा कसा हे तो आपणच सांगतो."

"मी लग्न झाल्यापासून दुसरं काय सांगतेय."

"तू सांगतेस ते वेगळं."

सिस्टरांनी चकती तोंडात टाकली. चांगली लागली. काळजी होती ती होतीच, पण आपल्यासाठी कोणी टोमॅटो कापावा हे सुख त्यांना नवीन होतं, आणि त्या ते उगाच वाया घालवणार नव्हत्या.

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी चष्मेवाल्यांनी फोटो आणि चाकू शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांचा चेहरा पडला. काळं आलं होतं, करडं आलं होतं, निळा तर वाजवीपेक्षा जास्त आला होता. पण टोकाचा तपकिरी काही केल्या येईना. सगळं खाऊन झालं होतं.

"काय खायचा तो मेला," सिस्टर वैतागून म्हणाल्या.

शनिवारी सगळे आले. लेक आली, जावई आला, दातवाले आले आणि विहीणबाई आल्या. या विहीणबाई शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या, बोलायच्या कमी, बघायच्या जास्त. सिस्टर त्यांना मनातल्या मनात रसायनबाई म्हणत आणि जरा बिचकूनच असत. जेवणं झाली. लेकीनं दोनदा मागून घेतलं. मग दातवाल्यांनी रुमालानं हात पुसले आणि म्हणाले, "आणा आता आमचा पाहुणा."

चष्मेवाल्यांनी डबी पुढं केली. दातवाले उठून खिडकीशी गेले. पेशंटच्या दाढा बघायचं भिंग त्यांनी खिशातून काढून डोळ्यांवर चढवलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. या दोघांनी तर आठवडाभर खाल्लं होतं.

"हं," दातवाले म्हणाले. आणि मग, "थोडा बदललाय."

चष्मेवाल्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता परत ठेवला.

"आमच्याकडं हवा जरा दमट," सिस्टर म्हणाल्या. आवाज असा सपाट, की सर्जननंसुद्धा विश्वास ठेवावा.

"हवाच," दातवाले म्हणाले. "हे पोलाद जिवंत असतं, विहीणबाई. जागा बदलली की त्यालाही कळतं. पण उलट खुललाय हो. हा निळा बघा, व्याहीबुवा. आमच्याकडं कधी एवढा दिसला नाही. हा चरबीचा, जुना. हा असा होत नाही, याला माणसाचं आयुष्य जावं लागतं."

परवाचा आहे, सिस्टरांच्या जिभेवर आलं. त्यांनी जीभ आत घेतली.

"आणि हा डाग? मुठीच्या जवळ. इथं तो अंगठा टेकवायचा, पाव कापताना. दिसतोय अंगठा?"

चष्मेवाले वाकले. भिंगातून बघितलं. कितीतरी वेळ बघितलं.

"दिसतोय," ते म्हणाले.

सिस्टर ताटं उचलून स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग रसायनबाई आल्या, हातात वाट्या घेऊन, आणि दार त्यांनी कोपरानं लोटलं.

"कशानं घासलात?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"चाकू. नुसत्या साबणानं नाही जात तो."

"मी कशाला घासेन," सिस्टर म्हणाल्या.

"टोकाचा तपकिरी गेलाय." रसायनबाईंनी वाट्या बेसिनमध्ये ठेवल्या. "तो कॉफीचा होता. मीच लावला होता, मला माहीत आहे."

सिस्टरांच्या हातात ताट होतं ते तसंच राहिलं.

"नवीन नवीन आणला तेव्हा मीही धुतला," रसायनबाई म्हणाल्या. "मला काय माहीत मेंढपाळ आहे म्हणून. मला वाटलं, घाण आहे. लखलखीत झाला आणि मग हे त्या रंगाबद्दल काय बोलले होते ते आठवलं. धाबं दणाणलं माझं. हे दवाखान्यातून यायच्या आत व्हिनेगर गरम केलं, त्यात बुडवला, आणि सपाट दिसायला लागला म्हणून टोकाला कॉफी."

"आणि त्यांना कळलं नाही?"

"उन्हात धरून म्हणाले, बघ, आज मेंढपाळ किती स्पष्ट दिसतोय."

सिस्टरांनी ताट खाली ठेवलं आणि नॅपकिन तोंडात धरला. रसायनबाईंनी दुसरं टोक धरलं. बाहेर दातवाल्यांचं पोलादावर चाललं होतं, आणि आत या दोघी ओट्याला धरून हलत होत्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी.

"मग त्याच्या आधीचा काळा तरी..." सिस्टर कशाबशा म्हणाल्या.

"विकणाऱ्यालाही बायको असेलच की."

पुन्हा नॅपकिन.

"तुम्ही कशानं आणलात?" रसायनबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"खाऊन. कांदा, लिंबू, बटाटा, मटण. हे व्हिनेगर लावू देईनात, लबाडी होते म्हणाले."

"म्हणजे तो आत्ता पहिल्यांदा खरा झालाय." रसायनबाईंनी नॅपकिनची घडी घातली. "सांगू नका हं कोणाला. हे संध्याकाळी तो घेऊन बसतात ना, त्या वेळी फार बरे असतात. तुमच्या पोरीशी बरे वागायला लागले तेही त्या चाकूंपायीच. ती वर राहायला आली की मी तिला एवढंच सांगणार आहे, बाळाचं काहीही घास, ह्यांचं काही घासू नकोस."

"घासलंच तर?"

"तर खाली ये म्हणावं. मी आहे."

सिस्टरांनी बेसिनमधल्या वाट्या स्वतःकडं ओढल्या आणि म्हणाल्या, "बसा तुम्ही, मी घासते." त्या काट्याचं काय झालं कोण जाणे, शोधला तर सापडेना.

पाहुणे गेले. जाताना दातवाल्यांनी चष्मेवाल्यांना मिठी मारली, डबीसकट. लेक गाडीत बसताना आईच्या कानाशी म्हणाली, "बघितलंस? आज सासरे किती खूश होते." सिस्टर म्हणाल्या, "हो ना. सासूजवळ बसत जा गं जरा."

घरात आल्या तर चष्मेवाले टेबलाशी एकटे. आठवडाभर ज्या हातात चाकू होता तो हात टेबलावर पालथा. सिस्टरांना भरून आलं. एवढा मोठा दगड या माणसाच्या छातीवर आहे, आपण एका मेलेल्या मेंढपाळाचं आयुष्य पुसून टाकलं म्हणून, आणि तो एका वाक्यात उतरवता येईल. सांगायचं, अहो, मेंढपाळ बेसिनमधून गेलाच नाही, गेलं ते व्हिनेगर आणि कॉफी. एका वाक्याचं काम. पण हेच वाक्य एक दिवस गप्पांच्या भरात हे व्याह्यांना सांगणार, हेही त्यांना माहीत होतं. तरीही त्या शेजारी बसल्या.

"अहो, ऐका."

"मला कळलंय," चष्मेवाले म्हणाले.

"काय कळलंय?"

"आपण उगाच एवढे घाबरलो." त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर दगडबिगड काही नव्हता. "वरवरचं गेलं होतं फक्त. मूळचं कसं जाईल? मुरलेलं असतं ते पोलादात. आपण थोडं खाऊ घातलं, ते वर आलं."

"वर आलं."

"तो अंगठा पाहिलास ना? मी ते फोटो आठवडाभर बघतोय, तिथं नव्हता. आज बघ कसा उमटला."

"अहो, तो तुमचा अंगठा. पाव कापताना तुम्हीच तिथं—"

"माझाच," चष्मेवाले समजूत घातल्यासारखं म्हणाले. "पण माझा तिथंच का पडला? तिथं आधी त्याचा होता म्हणून. बोट आपसूक जातं गं. वापरल्याशिवाय नाही कळत हे."

सिस्टर त्यांच्याकडं बघत राहिल्या. थिएटरमध्ये त्यांनी माणसं आतून पाहिली होती, हृदय पाहिलं होतं, यकृत पाहिलं होतं. हे कुठं असतं ते मात्र कधी दिसलं नव्हतं.

"तू काय सांगत होतीस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. मटण उरलंय म्हटलं. उद्या गरम करते."